जरा बाहेर थांबा

मनोविकारांच्या बाह्यरुग्ण विभागात एक वाक्य रोज ऐकू येतं. केसपेपरवर ते लिहिलं जात नाही आणि त्याचं बिलही होत नाही. डॉक्टर रुग्णाबरोबर आलेल्या माणसाकडे वळून म्हणतात, "तुम्ही जरा बाहेर थांबा." नवरा उठतो, सासू उठते, कधी नाराजीनं, कधी दारातून मागे वळून बघत. दार लोटलं जातं. इतका वेळ "डोकं दुखतं, झोप लागत नाही" याच्या पुढे न गेलेली बाई आवंढा गिळते आणि खरं काय ते सांगायला लागते.

करोनाच्या साथीत मनाच्या आरोग्याबद्दल आपल्याकडे पुष्कळ बोललं गेलं. ताण, एकटेपणा, काळजी हे शब्द वर्तमानपत्रांत रोज येत होते आणि उत्तर म्हणून त्याखाली फोन नंबर छापले जात होते. ते नंबर देणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण साथीनं मनाच्या रुग्णाकडून जे हिरावून घेतलं ते हे लोटलेलं दार होतं, आणि फोननं ते परत मिळत नाही. म्हणून पुढच्या साथीत प्रत्यक्ष भेटीची मानसिक सेवा डायलिसिस आणि बाळंतपणाच्या रांगेत, म्हणजे काहीही झालं तरी बंद न पडणाऱ्या सेवांत धरली पाहिजे, असं माझं म्हणणं आहे. हे मी सोलापूर डोळ्यांपुढे ठेवून लिहितो आहे. मनाचा उपचार फोनवर भागतो ही समजूत ज्या घरांकडे बघून तयार झाली, तसली घरं सोलापूरच्या पूर्वभागात फारशी नाहीत.

पूर्वभागात पिढ्यांपूर्वी तेलंगणातून आलेली विणकरांची वस्ती आहे. जुनी गिरणी, नरसिंग गिरजी, लक्ष्मी विष्णू या गिरण्या बंद पडल्या, पण यंत्रमाग राहिले. चादर आणि टॉवेल राहिले. आणि घरोघर बायकांच्या मांडीवरचं विडीचं सूप राहिलं. पान भिजवायचं, कापायचं, तंबाखू भरून वळायचं, जुड्या बांधायच्या आणि कारखान्यात नेऊन द्यायच्या. मजुरी हजारावर. घरं दाटीची, कित्येक ठिकाणी एका बाजूला माग आणि दुसऱ्या बाजूला संसार. अशा घरात डॉक्टरांचा फोन आला तर तो घ्यायचा कुठे? माग चालू असताना फोनवरचं ऐकू येत नाही आणि माग बंद असताना सगळं घर ऐकतं. टाळेबंदीत माग बंद होते. घरातला फोन मुलाच्या हातात होता, कारण शाळा त्यात भरत होती. ज्याच्या दारूबद्दल किंवा ज्याच्या मारहाणीबद्दल सांगायचं तो माणूस तीन हातांवर भिंतीला टेकून बसलेला. त्याला "जरा बाहेर थांबा" म्हणणारं कोणी नव्हतं आणि त्यानं थांबावं असं बाहेरही राहिलं नव्हतं.

भाषेचा प्रश्न आहेच. सोलापूर मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू या चारही भाषांत जगतं. इथली तेलुगू मराठीत कालवलेली आहे. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापुरात घरातली बोली पुष्कळदा कन्नड असते. बाजारात मराठी सराईतपणे बोलणारी बाई जीव नकोसा झाला हे मराठीत सांगू शकेलच असं नाही. समोर बसलेल्या डॉक्टरला निदान तिचा चेहरा वाचता येतो. तिचा हातातल्या रुमालाशी चाललेला चाळा दिसतो, उतरलेलं वजन दिसतं, गोळ्यांमुळे हाताला सुटलेला कंप दिसतो. प्रश्न तिला विचारला असताना उत्तर दुसरंच कोणी देतं आहे, हेही दिसतं. मनोविकाराच्या निदानात एक्स-रे नसतो. डोळ्यांनी बघणं हाच तिथला एक्स-रे आहे.

आता २०२० चा क्रम आठवू. १३ मार्चला राज्यानं १८९७ चा साथरोग कायदा लागू केला. प्लेगच्या काळात जन्मलेला हा कायदा माणसाकडे रोग वाहून नेणारं शरीर म्हणून बघतो. त्या शरीरात आधीपासून एक आजारी मन असू शकतं, याचा विचार त्याच्या घडणीतच नाही. मार्चच्या अखेरीस रेल्वे थांबली, एसटी थांबली. एप्रिलच्या मध्याला सोलापुरात पहिला रुग्ण नोंदला गेला आणि बघता बघता पेठा पत्र्यांनी बंद झाल्या. जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात शहरात पुन्हा दहा दिवसांची कडक टाळेबंदी लागली. एसटीची जिल्ह्याबाहेरची वाहतूक २० ऑगस्टला सुरू झाली आणि प्रवासाला लागणारा ई-पास २ सप्टेंबरला रद्द झाला. म्हणजे पाच महिने.

या पाच महिन्यांत दवाखाने कायद्यानं बंद नव्हते. केंद्राच्या पहिल्याच आदेशात रुग्णालयं, दवाखाने आणि औषधांची दुकानं वगळलेली होती. म्हणून कागदावर असं दिसतं की मनाच्या रुग्णाची सेवा कोणी अडवली नाही. दवाखाना उघडा होता हे खरं. तिथे पोचायची वाट बंद होती. नाक्यावर पोलिसाला ताप दाखवता येतो, प्लास्टर दाखवता येतं, पोटुशीचं पोट दाखवता येतं. "मला आवाज ऐकू येतात आणि माझी सुई चुकली आहे" हे हवालदाराला कसं दाखवायचं? आणि चार लोकांसमोर सांगायचं तरी कसं? करमाळ्याहून किंवा माळशिरसहून सोलापूर शंभर किलोमीटरच्या पुढे आहे. मोटरसायकलवर आजारी भावाला मागे बसवून, दोन नाके ओलांडून सिव्हिल हॉस्पिटलला यायचं आणि सिव्हिल म्हणजे त्या दिवसांत करोनाचं घर. साऱ्या जिल्ह्याचे करोना रुग्ण तिथे येत होते. जुन्या रुग्णांनी तिकडे पाठ फिरवली, यात त्यांचा हट्ट किंवा अज्ञान मला दिसत नाही; भीती दिसते, आणि ती भीती रास्त होती.

औषध चुकलं की काय होतं, हे ज्यांच्या घरात स्किझोफ्रेनिया आहे त्यांना सांगावं लागत नाही. ज्यांनी सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' हा चित्रपट पाहिला असेल, त्यांना त्या घराची थोडी कल्पना येईल. काही रुग्णांना दोन ते चार आठवड्यांनी द्यायची इंजेक्शनं असतात, कारण रोजची गोळी ते घेत नाहीत. ती सुई फोनमधून टोचता येत नाही. लिथियम घेणाऱ्याच्या रक्तातलं लिथियम मोजत राहावं लागतं, कारण उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर थोडं असतं. क्लोझापिन घेणाऱ्याच्या पांढऱ्या पेशी सुरुवातीच्या महिन्यांत वरचेवर बघाव्या लागतात. मेडिकलवाला जुन्या चिठ्ठीवर औषध द्यायला कचरतो, आणि कायद्यानं त्याचं कचरणं बरोबरच आहे. दारूचं निराळंच. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू एका रात्रीत बंद झाली तर त्याला झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीव जाऊ शकतो. केरळात मार्च २०२० मध्ये ही वेळ इतकी टोकाला गेली की सरकारनं डॉक्टरच्या चिठ्ठीवर दारू देण्याचा आदेश काढला आणि उच्च न्यायालयानं तो स्थगित केला. तो उपाय चूकच होता, पण तिथे निदान प्रश्न आजाराचा आहे हे कोणाच्या तरी लक्षात आलं होतं. आपल्याकडे "बरं झालं, दारू सुटली" असं म्हणणारे मी पुष्कळ ऐकले.

हे सगळं फक्त आपल्याकडेच झालं असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० च्या उन्हाळ्यात १३० देशांची पाहणी केली. त्यातल्या ९३ टक्के देशांत मानसिक आरोग्याच्या अत्यावश्यक सेवा विस्कळीत झाल्या होत्या किंवा पूर्ण थांबल्या होत्या. ८९ टक्के देशांनी आपल्या करोना आराखड्यात मानसिक आरोग्याचा समावेश असल्याचं सांगितलं. त्यासाठी लागणारा जादा निधी पूर्णपणे उपलब्ध असलेले देश होते १७ टक्के. आराखड्यात नाव घालणं आणि दार उघडं ठेवणं यांतलं अंतर या दोन आकड्यांत मावलं आहे.

फोनची बाजू मी मांडली नाही तर ते अन्यायाचं होईल. टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, २५ मार्च २०२० ला, देशात दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर झाली आणि तोवर अधांतरी असलेली गोष्ट कायदेशीर झाली. सप्टेंबरमध्ये 'किरण' ही हेल्पलाइन सुरू झाली. पुढे १० ऑक्टोबर २०२२ ला 'टेलिमानस' आली. ज्यांचा डॉक्टरशी जुना परिचय होता, ज्यांच्याकडे स्वतःचा फोन आणि स्वतःची खोली होती, त्यांना याचा खरा उपयोग झाला. रात्री दोन वाजता पंख्याकडे बघत बसलेल्या माणसाला पलीकडून एक आवाज मिळणं ही लहान गोष्ट नाही. आणि पूर्वभागातली बाईसुद्धा म्हणू शकेल की सिव्हिलला जायचं म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडवायची. फोनवर काम झालं तर काय वाईट? या प्रश्नापुढे मी बराच वेळ अडखळलो. तिचं म्हणणं खरं आहे. पण ती मागते आहे जवळचा उपचार. आपण तिला दुरूनचा उपचार दिला आणि तो जवळचा आहे असं मानलं. शिवाय त्या मार्गदर्शक तत्त्वांनाही मर्यादा ठाऊक होत्या: पुष्कळशी औषधं पहिल्या वेळी लिहायची तर व्हिडिओ भेट हवी होती, आणि अंमली व मनोप्रभावी पदार्थांच्या कायद्याखाली येणारी औषधं दुरून लिहून देता येणारच नव्हती. म्हणजे साधा फोन असलेल्या नव्या रुग्णाला अनेक औषधांचा दरवाजा तिथेही बंदच होता.

आणखी एक गोष्ट शहरी चर्चेत सुटून जाते. सोलापूर जिल्ह्यात मनाचं दुखणं आधी दवाखान्यात जातच नाही. ते अक्कलकोटला जातं, पंढरपूरला जातं, सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी जातं, दर्ग्यात जातं. शास्त्राच्या दृष्टीनं हा उपचार आहे का, हा वाद मी इथे काढत नाही. अंगात येण्याच्या नावाखाली आजारी माणसाला मारणाऱ्या, बांधून ठेवणाऱ्या जागांचं समर्थन तर नाहीच नाही. पण भजनाला बसणं, वारीला जाणं, सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेच्या गर्दीत चार दिवस हरवून जाणं, कारखान्यात विड्या देताना ओळीतल्या बाईजवळ रडून घेणं, हे सगळं प्रत्यक्ष भेटीतलं सावरणं होतं. मार्च २०२० मध्ये बंद झालेली देवळं त्या वर्षी दिवाळीच्या पाडव्याला उघडली, पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा बंद झाली आणि २०२१ च्या घटस्थापनेला उघडली. २०२० ची आषाढी तर १ जुलैला पालख्या एसटीनं आणून झाली. साथीत हे बंद करणं भाग होतं, हे मला मान्य आहे. पण लोकांची मन मोकळं करण्याची अनौपचारिक ठिकाणं आपण बंद करतो आहोत, तर औपचारिक ठिकाणं दुप्पट उघडी ठेवली पाहिजेत, हा हिशेब कोणी मांडला नाही. दोन्ही एकदमच मिटली.

यावर ठरलेलं उत्तर येतं: संसर्गाच्या भीतीपुढे इलाज नव्हता, प्रत्यक्ष भेट शक्यच नव्हती. हे उत्तर मला मान्य नाही, आणि त्याची दोन कारणं याच जिल्ह्यात घडलेली आहेत.

पहिलं, 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम. १५ सप्टेंबर २०२० पासून राज्यभर पथकं घरोघर गेली. आशाताई, शिक्षक, स्वयंसेवक उंबऱ्यावर उभे राहिले, कपाळासमोर तापमापक धरला, बोटाला ऑक्सिमीटर लावला, मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार विचारला. लस येण्याच्या कितीतरी आधी एक माणूस दुसऱ्या माणसाच्या दारात प्रत्यक्ष पोचला होता. त्याच उंबऱ्यावर "झोप लागते का, आधीची औषधं चालू आहेत का, सुई चुकली का" हे तीन प्रश्न विचारायला एक मिनिट लागलं असतं.

दुसरं, पंढरपूर-मंगळवेढा विधानसभेची पोटनिवडणूक. मतदान झालं १७ एप्रिल २०२१ ला, दुसरी लाट ऐन भरात असताना. मतदान केंद्रावर काय काय केलं जातं, याचे निवडणूक आयोगाचे नियम आधीच तयार होते: एका केंद्रावर हजाराच्या वर मतदार नकोत, दारात ताप बघायचा, हातमोजे द्यायचे, खुणा करून अंतर ठेवायचं, करोना झालेल्या मतदारासाठी शेवटचा तास राखायचा. ती निवडणूक पुढे ढकलायला हवी होती असं माझं मत आहे, पण इथे मुद्दा तो नाही. ज्या गोष्टीला आपण टाळता न येणारी मानतो, तिच्यासाठी भर साथीत खोली, दार, अंतर, हातमोजे आणि माणसं उभी करण्याची रीत आपल्याला येते. मतदानासाठी गावातली शाळा उघडली गेली. महिन्यातून एकदा, मनोविकाराच्या सुईसाठी आणि दहा मिनिटांच्या बोलण्यासाठी तीच शाळा उघडता आली असती.

कायदा तर केव्हाचाच या बाजूनं आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा. २९ मे २०१८ पासून लागू. त्याचं अठरावं कलम म्हणतं की मानसिक आरोग्यसेवा मिळणं हा प्रत्येकाचा हक्क आहे. ती राहत्या जागेजवळ मिळाली पाहिजे, कोणालाही तिच्यासाठी लांबचा प्रवास करावा लागता कामा नये. किमान सेवा जिल्ह्यात सरकारनं पुरवल्या नाहीत तर रुग्णानं जिल्ह्यातल्या दुसऱ्या ठिकाणी उपचार घ्यावेत आणि खर्च सरकारनं सोसावा, इथपर्यंत ते कलम जातं. हे वाचताना मला येरवडा आठवतं. महाराष्ट्रात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं पिढ्यान् पिढ्या चारच: नागपूर, रत्नागिरी, ठाणे आणि पुण्यात येरवडा. सगळी इंग्रजांच्या वेळची. सोलापूरहून येरवडा अडीचशे किलोमीटर. आपल्या भाषेत "येरवड्याला पाठवा" हा वाक्प्रचार झाला तो उगाच नव्हे. मनाचा उपचार म्हणजे माणसाला दूर पाठवणं, हे त्या दोन शब्दांत गोठलेलं आहे. साथ आली, वाट बंद झाली आणि दूर पाठवण्याची व्यवस्था एका दिवसात निकामी झाली. जवळची व्यवस्था आपण उभी केलेलीच नव्हती. तेव्हा खापर साथीवर फोडणं मला अर्धसत्य वाटतं.

गरज किती, याचा अंदाज घ्यायचा तर २०१५-१६ चं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण आहे. ज्या बारा राज्यांत ते झालं त्यांत महाराष्ट्र नाही, हेही लक्षात ठेवलं पाहिजे. तिथे प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मनोविकार होता आणि निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचाराविना होते. सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ४३ लाखांवर होती. गणित ज्यानं त्यानं करावं. साथीच्या वर्षांचा एक आकडा मात्र मला सोडवत नाही. २०२१ मध्ये देशात १,६४,०३३ जणांनी आत्महत्या केल्याची नोंद आहे. त्यांतले ४२,००४ जण रोजंदारीवर काम करणारे होते, आणि राज्यांमध्ये सर्वाधिक नोंदी महाराष्ट्रात, २२,२०७. यांतले किती जण दवाखाना जवळ असता तर वाचले असते, हे कोणालाच सांगता येणार नाही. पण रोजंदारीचं शहर म्हटलं की मला सोलापूर आठवतं आणि तो आकडा पुन्हा वाचावा लागतो.

मनोविकारतज्ज्ञ आणणार कुठून, हा पुढचा आक्षेप. आणि तो खरा आहे. देशात लाखामागे एकही मनोविकारतज्ज्ञ धड येत नाही. पण यावरचं उत्तर सोलापूरपासून फार लांब नाही. कर्नाटकात बेळ्ळारी जिल्ह्यात १९८५ मध्ये बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर-कर्मचाऱ्यांनाच शिकवून जिल्हाभर मानसिक सेवा पोचवण्याचा प्रयोग केला. १९९६ मध्ये सुरू झालेला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम त्याच्यावरच बेतला आहे. गोव्यात मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि 'संगाथ' ही संस्था यांनी त्याच्या पुढचं पाऊल टाकलं. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या साध्या माणसांना शिकवून समुपदेशक केलं, त्यांना आरोग्य केंद्रात आणि रुग्णाच्या घरी बसवलं. तीव्र नैराश्य असलेल्या रुग्णांना सहा ते आठ भेटींत त्याचा गुण आला, हे चाचण्या घेऊन सिद्ध केलं आणि ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. सुरुवातीला तज्ज्ञच लागतो असं नाही. समोर बसणारं, शिकलेलं, आपल्या बोलीतलं माणूस लागतं, आणि कोणाला तज्ज्ञाकडे पाठवायचं हे त्या माणसाला कळावं लागतं.

तेव्हा सोलापुरात काय व्हावं? विडी कामगारांच्या घरकुल वसाहतीत, पूर्वभागात आणि अकराही तालुक्यांच्या ठिकाणी आठवड्याचा एक ठरलेला दिवस. साथ असो वा नसो. तेलुगू किंवा कन्नड येणारी एक शिकवलेली समुपदेशक, सुई द्यायला परिचारिका, महिन्यातून एकदा डॉक्टर. ज्यांची इंजेक्शनं चालू आहेत त्यांची यादी आशाताईंकडे, म्हणजे पुढची टाळेबंदी लागली तर कोणाच्या दारी जायचं ते आधी ठाऊक असेल. नाक्यावर दाखवायला मनोरुग्णाच्या नातलगाकडे एक साधं कार्ड, ज्यावर आजाराचं नाव नसेल, फक्त "नियमित उपचार" एवढं असेल. फोन राहू द्यावा, तो जोडीला लागेलच. दिवस निवडताना बायका कारखान्यात विड्या द्यायला निघतात ती वेळ बघावी, म्हणजे मजुरी बुडणार नाही आणि कुठे निघालीस असं घरात कोणी विचारणार नाही. खोली लहान असली तरी चालेल. खिडकी मोठी हवी, हवा खेळती हवी, दोन खुर्च्यांत सहा फुटांचं अंतर मावलं पाहिजे आणि दार पुरतं लागलं पाहिजे. दाराबाहेर, सावलीत, एक बाकडं हवं. बरोबर आलेल्या माणसाला तिथे थांबता येईल.